कवडशांतून दिसलेले नगर

वैशाखातल्या भर दुपारी एखाद्या जुन्या आंब्याखाली तुम्ही कधी बसला आहात? वर पाहिले तर आकाश दिसत नाही. पानांवर पाने, त्यांवर आणखी पाने. तरीही खाली जमिनीवर नजर टाकावी, तर सगळीकडे प्रकाशाचे गोल गोल ठिपके सांडलेले असतात. वारा आला की ते हलतात, वारा पडला की पुन्हा जागच्या जागी येतात. यांनाच आपण कवडसे म्हणतो.

पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असूनही कवडसे गोल का, हा प्रश्न मी दरवर्षी अकरावीच्या वर्गाला विचारतो. त्याचे उत्तर असे, की फट लहान असली आणि जमीन तिच्यापासून पुरेशी दूर असली, की कवडसा ही सूर्याची प्रतिमाच असते. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसले, तेव्हा आमच्या अंगणातले सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते. पण आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते कवडशाच्या दुसऱ्याच एका गुणाबद्दल.

कवडसा पडला याचा अर्थ काय? याचा अर्थ असा, की आकाशापासून जमिनीवरच्या त्या ठिपक्यापर्यंत एक सरळ, मोकळी वाट आहे. प्रकाश ज्या वाटेने खाली येतो, त्याच वाटेने तो परत वरही जाऊ शकतो. म्हणजे झाडाच्या वर, नेमकी सूर्याच्या दिशेला एखादी घार तरंगत असेल, तर तिला घनदाट आंब्यातूनही जमिनीचे तेवढे ठिपके दिसत असणार. आता ती घार जागा बदलत गेली तर? प्रत्येक जागेवरून वेगळ्या फटी, वेगळे ठिपके. असे पुरेसे ठिपके जमवले आणि त्यांतला प्रत्येक ठिपका घारीपासून किती अंतरावर आहे हे मोजता आले, तर झाडाला हात न लावता झाडाखालच्या जमिनीचा चढउतार काढता येईल का?

येईल. २०१२ सालच्या एप्रिल महिन्यात कंबोडिया देशात हे काम एका हेलिकॉप्टरने केले, आणि तिथल्या एका डोंगरावरच्या रानाखालून बाराशे वर्षांपूर्वीचे नगर कागदावर उमटले. ते कसे, हे समजून घेण्यापुरते भौतिकशास्त्र तुम्हाला आधीच येते. थोडासा गुणाकार-भागाकार तेवढा करावा लागेल.

देवांना दगड, माणसांना लाकूड

कंबोडिया हा थायलंड आणि व्हिएतनाम यांच्यामधला देश. तिथल्या अंगकोर वाट या मंदिराचे चित्र तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसरा सूर्यवर्मा या राजाने हे विष्णूचे मंदिर बांधले. भोवती सुमारे १९० मीटर रुंदीचा खंदक आहे. आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या पथकानेही १९८६ ते १९९३ या काळात या मंदिराच्या जतनाचे काम केले होते. आसपास अशी कितीतरी मंदिरे, आणि आठ किलोमीटर लांबीचा एक आयताकृती तलाव. एवढे सगळे बांधायला, त्याची पूजाअर्चा चालवायला, आणि बांधणाऱ्यांना खाऊ घालायला किती माणसे लागली असतील! मग ती माणसे राहत कुठे होती?

त्यांची घरे दिसत नाहीत, याचे कारण साधे आहे. त्या राज्यात दगड आणि वीट देवांसाठी असे. माणसांची घरे, अगदी राजवाडासुद्धा, लाकडाची. जौ दागुआन नावाचा एक चिनी अधिकारी १२९६ मध्ये तिथे गेला आणि जवळजवळ वर्षभर राहिला. त्याने लिहून ठेवले आहे, की सामान्य माणसाला घरावर कौले घालण्याची छाती होत नसे. त्याने आपले गवताने शाकारायचे. लाकूड, बांबू आणि गवत त्या दमट हवेत किती काळ टिकणार?

पण एक गोष्ट टिकते. पावसाचे पाणी घरात शिरू नये म्हणून ते लोक आधी मातीचा ओटा घालत आणि त्यावर घर उभारत. ओट्यासाठी जवळच माती खणली की तिथे आपोआप तळे होई. रस्तेही भरावाचे. घर गेले, गवत गेले, पण उंचवटा आणि खड्डा राहिला. आपल्याकडे नदीकाठच्या गावाबाहेर पांढरीची टेकाडे असतात ना, जिथे नांगरताना खापरे वर येतात? तीही अशीच, माणूस जिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिला त्याची खूण. अंगकोरचे उंचवटे मात्र फार बसके आहेत. अर्धा मीटर, फार तर एक मीटर. आणि वर रान.

अशा रानात फीत आणि होकायंत्र घेऊन नकाशा काढणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. एकदा मी आणि माझे दहा विद्यार्थी एका टेकडीच्या उतारावरची जुनी ताल मोजायला गेलो होतो. करवंदीच्या जाळ्यांनी आम्हाला असे काही धरले, की दिवसभरात शंभर मीटरसुद्धा झाले नाहीत, आणि दोन गटांच्या मोजमापांत चार मीटरांचा फरक निघाला. दोष फितीचा नव्हता. जाळी चुकवताना प्रत्येक गट थोडा थोडा वळत गेला होता.

अंगकोरच्या ईशान्येला सुमारे ४० किलोमीटरवर कुलेन नावाचा वालुकाश्माचा डोंगर आहे. अकराव्या शतकातल्या एका शिलालेखात, जो संस्कृत आणि ख्मेर या दोन भाषांत आहे, असे सांगितले आहे, की दुसरा जयवर्मा या राजाने आपली राजधानी महेंद्रपर्वतावर वसवली. हा काळ इ. स. ८०२ च्या आसपासचा. महेंद्रपर्वत म्हणजेच हा कुलेन डोंगर, हे विद्वानांनी कधीच ताडले होते. १९३६ मध्ये फिलिप स्टर्न या फ्रेंच अभ्यासकाने तिथली कितीतरी मंदिरे हुडकूनही काढली होती. पण दहा-बारा सुटी सुटी मंदिरे म्हणजे राजधानी नव्हे. नगर कुठे होते? होते तरी का?

पुढे कंबोडियात यादवी युद्ध झाले. कुलेन हा ख्मेर रूज या सशस्त्र संघटनेचा शेवटपर्यंत टिकलेला एक गड होता, आणि डोंगरावर जागोजागी भूसुरुंग पेरले गेले. युद्ध संपले तरी सुरुंग संपत नाहीत. रानात पायवाट सोडून चार पावले टाकायची, तर ती कुठे टाकायची हे आधी कळायला हवे. फितीने मोजणाऱ्याची करवंदीने होणारी फजिती आणि ही गोष्ट, यांत फार मोठे अंतर आहे.

प्रकाशाचे घड्याळ

आता यंत्राकडे वळू. त्याचे नाव लायडार. रडार रेडिओलहरी वापरते, लायडार लेसरचा प्रकाश वापरतो, एवढाच नावातला फरक. हेलिकॉप्टरच्या पोटाशी बसवलेले हे यंत्र खाली लेसरचा एक अगदी छोटा झोत सोडते. याला आपण स्पंद म्हणू. स्पंद कशावर तरी आपटतो, त्यातला थोडा प्रकाश परत येतो, आणि जाऊन येण्यास किती वेळ लागला हे यंत्र मोजते. विहिरीत ओरडल्यावर प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून पाणी किती खोल ते काढावे, तसेच. पण आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, आणि प्रकाश तीस कोटी मीटर!

समजा हेलिकॉप्टर जमिनीपासून ८०० मीटर उंच आहे. जाऊन-येऊन १६०० मीटर. १६०० भागिले तीस कोटी म्हणजे सुमारे ०.०००००५३ सेकंद, अर्थात ५.३ मायक्रोसेकंद. सेकंदाला एक लाख स्पंद सोडले तर दोन स्पंदांमध्ये १० मायक्रोसेकंद मिळतात. म्हणजे पहिला परत येऊन पोहोचल्यावरच दुसरा निघतो, घोटाळा होत नाही. पाहा, एक लाख हा आकडा ऐकायला केवढा मोठा वाटतो, आणि प्रकाशाला मात्र त्यातही विसावा मिळतो.

पण आपल्याला ८०० मीटर मोजायचे नाहीत, अर्ध्या मीटरचा ओटा पकडायचा आहे. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात, प्रकाश ३० सेंटिमीटर जातो. जाणे-येणे धरले तर एक नॅनोसेकंद म्हणजे उंचीतला १५ सेंटिमीटरचा फरक. अर्ध्या मीटरच्या ओट्यावरून परत येणारा स्पंद शेजारच्या सपाट जमिनीवरून येणाऱ्यापेक्षा फक्त ३.३ नॅनोसेकंद आधी येईल. यंत्राचे घड्याळ एवढे बारीक असावे लागते.

इथे वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, पण तो स्पंदच जर पाच नॅनोसेकंद टिकत असेल, तर तो स्वतःच दीड मीटर लांब झाला. मग त्याने वीतभर उंची कशी मोजायची?" शंका रास्त आहे. उत्तर रेल्वेच्या फलाटावर मिळते. गाडी कितीही लांब असो, तिचे इंजिन सिग्नलपाशी नेमके कधी आले एवढे नोंदवले की वेळ बिनचूक मिळते. लायडारही परत येणाऱ्या स्पंदाची पुढची चढती कड पकडतो. मात्र या लांबीचा एक तोटा होतोच, तो पुढे सांगतो.

वेळ कळली, अंतर कळले. पण कोठून आणि कोणत्या दिशेने? हेलिकॉप्टर तर पुढे जात असते, हलत असते, कलत असते. त्याचे स्थान उपग्रहांच्या साहाय्याने, जीपीएसने ठरवतात, आणि जमिनीवर नेमक्या माहीत असलेल्या जागी दुसरा जीपीएस ठेवून त्याच्याशी ताडून चूक कमी करतात. कल मोजायला वेगळी उपकरणे असतात. त्यांत अंशाच्या शंभराव्या भागाची चूक झाली, तरी ८०० मीटर खाली ठिपका १४ सेंटिमीटर सरकतो. विश्वास बसत नसेल तर त्रिकोणमितीची कोष्टके काढा आणि स्वतः पडताळा.

या साऱ्यातून शेवटी प्रत्येक ठिपक्यामागे तीन आकडे हाती येतात: पूर्व-पश्चिम किती, उत्तर-दक्षिण किती, उंची किती. असे कोट्यवधी ठिपके. चित्र असे काही नसतेच. नुसते आकडे.

झाड कोणते आणि जमीन कोणती?

आता एका गैरसमजाची गाठ सोडवू. 'लेसर झाडे भेदून जमीन पाहतो' अशी वाक्ये तुम्ही वर्तमानपत्रांत वाचाल. लेसर पान भेदत नाही. उलट या कामी वापरतात त्या अवरक्त प्रकाशाला हिरवे पान चांगलेच परतवते. लेसर जातो तो फटींतून. म्हणजे आपले कवडसेच! वरून सोडलेल्या झोताचा ठिपका खाली पोहोचेपर्यंत साधारण वीतभर रुंद झालेला असतो. त्यातला काही भाग वरच्या पानाला लागून परत फिरतो, काही मधल्या फांदीला, आणि उरलासुरला जमिनीला लागून येतो. एकाच स्पंदाचे तीन-चार प्रतिध्वनी. यंत्र ते सगळे वेगवेगळे नोंदवते.

समजा शंभर स्पंदांपैकी पाचच जमिनीपर्यंत पोहोचले. वाईट वाटते? पण एका चौरस मीटरवर वीस स्पंद टाकले, तर त्यांतला एक जमिनीला लागेल, आणि वीस मीटर लांब-रुंद ओट्यावर चारशे मोजमापे मिळतील. फीत घेऊन चारशे ठिकाणी उंची घ्यायला माझ्या दहा विद्यार्थ्यांना किती दिवस लागले असते, ते मी सांगत नाही. उड्डाणासाठी एप्रिल निवडला तोही याचसाठी. तिथला कोरडा हंगाम तेव्हा संपत आलेला असतो, पालवी विरळ असते, आणि जमिनीवर पाणी साचलेले नसते. पाणी हा अवरक्त प्रकाश बराचसा शोषून घेते. भरलेल्या तळ्यावरून फारसे काही परत येत नाही.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. कोट्यवधी ठिपक्यांवर 'मी पान', 'मी फांदी', 'मी जमीन' अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या नसतात. ते कोणी ठरवायचे? संगणक ठरवतो, पण माणसाने दिलेल्या नियमाने. एक नियम असा: प्रदेशाचे मोठे चौकोन पाडा. प्रत्येक चौकोनातला सर्वांत खालचा ठिपका जमिनीचा धरा. या ठिपक्यांना जोडून त्रिकोणांचे एक ढोबळ जाळे पसरा. आता उरलेल्यांपैकी जे ठिपके या जाळ्याच्या अगदी जवळ आहेत आणि ज्यांना जोडताना फार तीव्र चढ होत नाही, त्यांना जमिनीत सामील करा. जाळे थोडे बारीक झाले. पुन्हा तेच. असे करत करत जाळे जमिनीला चिकटत जाते आणि झाडे बाहेर राहतात.

तीव्र चढ म्हणजे किती? जवळ म्हणजे किती? हे आकडे माणूस निवडतो, आणि सगळी मेख तिथेच आहे. नियम कडक ठेवला तर मंदिराची पडकी, पण अजून उभी असलेली भिंत 'एकदम उंच झाली, म्हणजे झाड असणार' म्हणून संगणक काढून टाकतो. ज्यासाठी एवढा खटाटोप केला तीच वस्तू नकाशातून गायब! नियम सैल ठेवला तर प्रत्येक वारूळ आणि प्रत्येक झुडूप टेकाड बनून पुढे येते. शिवाय मघाशी सांगितलेला तो तोटा. स्पंद दीड मीटर लांब असल्यामुळे पाऊण मीटरच्या आतल्या दोन वस्तूंचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. त्यामुळे गुडघाभर उंचीचे गच्च गवत आणि त्याखालची जमीन यांचा भेद करणे अवघड जाते. गंमत पाहा, तीस मीटर उंच वृक्ष या यंत्राला फारसा त्रास देत नाही. त्रास देते ते गवत.

घरी करून पाहा

हे सारे परातीत करता येते. एका परातीत ओली वाळू घ्या. मित्राला सांगा, की तुम्ही पाहत नसताना त्याने वाळूत दोन-तीन उंचवटे, एक खड्डा आणि एक सरळ रस्ता करावा, आणि वर मधूनमधून कागदाचे चुरगळलेले बोळे टाकावेत. हे बोळे म्हणजे आपली झाडे. परातीच्या काठांवर एक पुठ्ठा आडवा ठेवा आणि त्याला कुठेही, कशाही, पंचवीस भोके पाडा. विणायच्या सुईवर अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरच्या खुणा करा. सुई प्रत्येक भोकातून सरळ खाली सोडा, टेकली की खोली वाचा, आणि आलेख-कागदावर त्या त्या जागी आकडा लिहा.

पंचवीस आकड्यांवरून जमीन ओळखता येते का पाहा. मग शंभर भोके पाडा. मुख्य म्हणजे, जे आकडे शेजाऱ्यांपेक्षा एकदम लहान आहेत, त्यांतले बोळे कोणते आणि उंचवटे कोणते, हे पुठ्ठा उचलण्याआधी ठरवा आणि लिहून ठेवा. मी हा प्रयोग जितक्या वेळा केला, तितक्या वेळा एखादा तरी खरा उंचवटा कागदाचा बोळा समजून खोडला आहे.

नकाशा हाती आला

२००९ मध्ये मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशात आर्लेन आणि डायन चेस या पुरातत्त्वज्ञ दांपत्याने कराकोल या माया नगरावर लायडार फिरवला होता. पंचवीस वर्षे पायी हिंडून त्यांनी तिथला २३ चौरस किलोमीटर भाग मोजला होता. लायडारने २०० चौरस किलोमीटरचे मोजमाप आठवड्याच्या आत उरकले. कंबोडियात डेमियन एव्हान्स यांनी आठ संस्थांना एकत्र आणून २०१२ मध्ये सुमारे ३७० चौरस किलोमीटरवर तोच प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१५ मध्ये याहून कितीतरी मोठे, १९०० चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र मोजले गेले. एव्हान्स यांचे २०२३ मध्ये निधन झाले.

आकड्यांच्या जाळ्यातून डोळ्यांना काही दिसायचे, तर त्यावर प्रकाश टाकावा लागतो, तोही संगणकातलाच. गिलावा नीट झाला आहे का हे पाहताना गवंडी दिवा भिंतीला अगदी लगटून धरतो, म्हणजे बारीकसा फुगवटाही सावली टाकतो. तसाच एक खोटा सूर्य क्षितिजालगत ठेवायचा. पण एकाच बाजूने उजेड टाकून चालत नाही. उजेडाच्या दिशेलाच समांतर जाणारा बांध सावली टाकत नाही, म्हणून दिसतच नाही. तेव्हा सूर्य फिरवत फिरवत पाहावे लागते. खरा सूर्य असा वायव्येला नेऊन ठेवता आला असता का?

आणि मग कुलेन डोंगर दिसला. सुट्या मंदिरांच्या मधली मोकळी जागा मोकळी नव्हतीच. पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर जाणारे भरावाचे सरळ रस्ते, त्यांनी पाडलेले मोठमोठे चौकोन, बंधारे, तळी, ओटे. १९३६ साली सापडलेली मंदिरे या जाळीत आपापल्या जागी बसत होती. २०१९ मध्ये ज्याँ-बाप्तिस्त शेव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण नकाशा प्रसिद्ध केला. त्यात नगराचा मध्यभाग ४० ते ५० चौरस किलोमीटरचा भरतो. एक प्रचंड तलाव तर खणायला घेऊन अर्धवट सोडलेला आढळला. पुढे राजधानी डोंगर उतरून सपाटीवर गेली. तिचे या अपुऱ्या तलावाशी नाते असेल काय, असा प्रश्न साहजिकच मनात येतो.

२०१३ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांनी 'हरवलेले नगर सापडले' असे मथळे दिले. मला हा शब्द पटत नाही. शिलालेख होता, मंदिरे माहीत होती, डोंगरावरचे गावकरी त्या बांधांवरूनच ये-जा करत होते, आणि शेव्हान्स यांचे पथक लायडारच्या कितीतरी आधीपासून तिथे पायी फिरत होते. हरवले होते ते त्या तुकड्यांमधले नाते. यंत्राने ते दाखवले, हे काही थोडे नाही.

नकाशा काय सांगत नाही

नकाशावर ज्या ठिकाणी 'इथे मंदिर असावे' असे वाटले, तिथे पुढे माणसे गेली. सुरुंगांचा धोका होता, म्हणून वाट माहीत असलेल्यांच्या मागोमाग. काही ठिकाणी विटांच्या मंदिरांचे अवशेष मिळाले. डोंगरावर आणखी एक विचित्र गोष्ट आहे. ओळीने, आखून मांडल्यासारखे मातीचे उंचवट्यांचे समूह. घरांचे ओटे म्हणावे तर वस्तीच्या खुणा नाहीत. त्यांत खोदूनही पाहिले, पण ते कशासाठी केले याचा उलगडा झाला नाही.

लायडारला काळ कळत नाही, हे पक्के लक्षात ठेवा. आठशे वर्षांपूर्वीचा ओटा आणि ऐंशी वर्षांपूर्वीचा ओटा त्याला सारखेच. अंगकोर वाटच्या आवारात, खंदकाच्या आत, लायडारने रस्त्यांची आणि ओट्या-तळ्यांची व्यवस्थित चौकट दाखवली. म्हणजे मंदिराच्या अंगणातच वस्ती होती. पण कधी? मिरियम स्टार्क, ॲलिसन कार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथले ओटे रीतसर खोदले. घरगुती वापराची खापरे मिळाली, स्वयंपाकाच्या खुणा मिळाल्या, आणि कोळसा मिळाला. कोळशातल्या किरणोत्सारी कार्बनवरून त्याचे वय काढता येते, हे तुम्हाला माहीत आहेच. २०१९ मध्ये त्यांनी जाहीर केले, की तिथली वस्ती बाराव्या शतकाच्या अखेरीस किंवा तेराव्याच्या आरंभी एकदा मोडली, चौदाव्या शतकाच्या अखेरच्या सुमारास पुन्हा सुरू झाली, आणि सतराव्या-अठराव्या शतकापर्यंत चालू राहिली. अंगकोर पंधराव्या शतकात एकाएकी ओस पडले असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असे. एका ओट्यातल्या कोळशाने त्या वाक्याला धक्का दिला. हे काम हेलिकॉप्टरचे नव्हे. ते खुरप्याचे आणि कुंच्याचे.

तसेच लोकसंख्येचे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेराव्या शतकातल्या विस्तृत अंगकोरची लोकसंख्या सात ते नऊ लाख असावी असा अंदाज केला आहे. हा आकडा कसा येतो? लायडारच्या नकाशावरून ओटे मोजा, उत्खननावरून आणि तारखांवरून एका वेळी किती वापरात होते ते ठरवा, एका घरात किती माणसे ते धरा, आणि गुणाकार करा. पहिला आकडा आता बराच भरवशाचा झाला आहे. शेवटचा तसा नाही. घरात चार माणसे धरली की पाच, एवढ्यानेही उत्तर पाव हिश्शाने वाढते. परीक्षेत तुम्ही दशांशाची पाच स्थाने लिहिता तेव्हा आम्ही गुण का कापतो, ते आता कळले असेल!

अंगकोर वाटच्या दक्षिणेला, खंदकाच्या पलीकडे, लायडारने आणखी एक आकृती दाखवली आहे. लांबी दीड किलोमीटर, रुंदी सहाशे मीटर. काटकोनात वळत वळत आत जाणारे मातीचे बांध, एखाद्याने चौकोनी जिलबी काढावी तसे. उंची इतकी कमी, की तिथे उभे राहिले तर काहीच जाणवत नाही. माणसे त्यावरून शतकानुशतके चालत आली, तरी कोणाच्या लक्षात आले नाही. घरांचे ओटे तिथे नाहीत. पाणी वाहून नेण्याची सोय म्हणावी, तर वळणे जुळत नाहीत. कोणी म्हणतात मंदिरासाठी फुलझाडे लावण्याची बाग असावी, पण तसा पुरावा हाती नाही. वरून पाहिले तर प्रत्येक वळण स्वच्छ दिसते, आणि ते कोणी कशासाठी केले, हे अजून कोणालाही सांगता आलेले नाही.